लाली मोजत नाहीत

१२ जानेवारी

मा. संशोधक महाशय यांस,

नमस्कार. 'सप्रेम' मुद्दाम गाळलं आहे, नजरचुकीने राहिलेलं नाही.

आपल्या संस्थेचं छापील पत्र पोचलं. 'आपल्या घरी पूर्वी क्षयरोगाचा रुग्ण होता व आपण त्याच्यासोबत एकाच खोलीत वास्तव्य केले होते, असे समजते.' असे समजते! वा! तो रुग्ण म्हणजे आपली आई, हे समजायला छापखाना लागला. पुढे म्हटलंय की अशा माणसांच्या रक्ताची नव्या लशीच्या कामाला मदत होईल, तरी आपण तपासणीला यावे. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, पेनाने: 'ताई, जमलं तर नक्की जा. तब्येत कशी आहे? ठोंब्या.' अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. एवढा मोठा शास्त्रज्ञ झालास, पण शब्दातलं शेवटचं अक्षर अर्धवट सोडायची खोड काही गेली नाही.

बघ, आले अहो-जाहोवरून अरे-तुरेवर. तुला अहो म्हणायचं म्हणजे जिभेला कसरत.

तब्येत ठणठणीत आहे. डोळे तेवढे दमतात. अजून त्याच लाँड्रीत रफूचं काम करते. कसर लागलेले कोट, उंदराने कुरतडलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेले स्वेटर. दुकान आता मोठ्या रस्त्यावर गेलंय, समोर सबंध काच आहे, मी काचेशेजारी बसते. माझ्या मागे इस्त्रीवाला. तो दिवसभर बोलतो आणि मी दिवसभर हूं हूं करते, असं आमचं छान चाललंय.

तर इतक्या वर्षांनी भावाला बहीण आठवली ती रक्तासाठी. रक्ताचं नातं म्हणतात ते हेच बहुतेक.

मी जाणार नाही. का, ते तुला ठाऊक आहे. आणि नसेल तर सांगायची मला काही चोरी नाही. आईचं दुखणं कळल्यापासून तू काकांकडे राहायचास, आणि आई गेली त्या आठवड्यात काका-काकू तुला परत न्यायला आले होते. दारात तू वाकून बुटाची नाडी बांधत होतास. मान वरसुद्धा केली नाहीस. म्हणालास, "ताई, तुला कसं गं काही झालं नाही?" आणि नाडी बांधून झाली तसा जिना उतरून गेलास. उत्तराला थांबला नाहीस. शेजारी काकू उभी होती, तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेले नाही. ज्या खोलीत आई खोकून खोकून गेली त्याच खोलीत मी सगळा काळ होते आणि मला साधं पडसंही नाही. म्हणजे मी तिच्याजवळ गेलेच नसणार, लांबूनच पाण्याचा पेला सरकवत असणार. तुझ्या प्रश्नाचा एवढाच अर्थ होतो. दुसरा काही असेल तर तो सांगायला तुला भरपूर वेळ मिळाला होता.

फोन नंबर दिला आहेस. फोन करणार नाही. फोनवर तू मधेच बोलतोस. कागदावर मला कोणी अडवत नाही.

कळावे. लोभ वगैरे मग बघू.

ताई

२ फेब्रुवारी

ठोंब्यास,

पाठपोट पाच पानं! शाळेत निबंधाला अर्ध्या पानावर तुझी शाई संपायची.

सगळं वाचलं. एकटीने डोकं खाजवायचा कंटाळा आला म्हणून इस्त्रीवाल्यालाही थोडं वाचून दाखवलं. आम्हा दोघांच्या टाळक्यात शिरलं ते असं. लहानपणी दंडावर टोचतात ती लस, जिचा गोल वण तुझ्याही दंडावर आहे आणि माझ्याही, ती लहान मुलांना चांगली जपते. पण मूल वाढून मोठं होईतो शरीराला तिचा विसर पडत जातो. क्षयाचे जंतू मात्र चिवट. ते छातीत वर्षानुवर्षं गप पडून राहतात आणि माणूस थकला, खंगला की उठतात. म्हणून तुम्ही मोठ्या माणसांसाठी नवी लस करताय, शरीराला पुन्हा नीट आठवण करून देणारी. आणि काही माणसं अशी असतात की ती खोकणाऱ्याच्या उशाशी महिनोन्महिने बसतात, तरी जंतूने त्यांच्यात घर केल्याची काही खूण सापडत नाही. त्यांच्या रक्तात काय आहे ते कळलं तर लस कशी हवी तेही कळेल. मी त्यांच्यातली असेन असा तुझा अंदाज आहे. बरोबर ना? चुकलं असेल तर इस्त्रीवाल्याच्या नावावर घाल.

तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही एक नमुना आहात की!"

मी म्हटलं, "ते घरचे आधीपासून म्हणतात."

पण माझं मन फिरलं ते चौथ्या पानावर. तू लिहिलंयस, मेलेल्या जंतूचा थोडासा अर्क हाताच्या कातडीत टोचतात. शरीराची त्या जंतूशी पूर्वी कधी गाठ पडली असेल, तर रक्तातल्या पेशी त्याला ओळखतात, धावून येतात आणि तिथे गाठ उठते. मधे कितीही वर्षं गेली असली तरी. गाठ पडली असेल तर गाठ उठते! हे तू मुद्दाम असं लिहिलंस की सहज लिहून गेलास, देव जाणे. पण वाचून मी हातातली सुई खाली ठेवली.

तेव्हा ऐक. मी जाते. तुझ्या लशीसाठी नाही. मला ती गाठ हवी आहे. आईच्या छातीत जे होतं ते माझ्यापर्यंत आलं होतं, म्हणजे मी तिच्या तेवढी जवळ होते, हे माझ्या हाताने सांगावं. तुझ्याच संस्थेच्या माणसांसमोर, तुझ्याच फुटपट्टीने. तुझ्या कामाला सपाट हात हवाय आणि मला गाठ हवी आहे. बघू हात कोणाचं ऐकतो.

कळावे. लोभाचं अजून विचाराधीन आहे.

ताई

१९ फेब्रुवारी

ठोंब्यास,

परवा टोचून आले. तुमचं केंद्र दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी. पाटी इतकी जुनी की तिला फ्रेम केलीय. रांगेत पुढे एक रिक्षावाला होता, त्याचा थोरला भाऊ आजारी असतो म्हणे. माझ्या मागे दोन जावा होत्या आणि त्या सासूबद्दल जे काही बोलत होत्या ते लिहिण्यासारखं नाही. सगळ्यांच्या घरात कोणी ना कोणी खोकणारं. मला वाटलं होतं मी एकटीच.

टोचणारी सिस्टर अगदी कोवळी पोर. म्हणाली, "मावशी, सुईची भीती वाटते का?"

"बाई गं, माझं पोट सुईवर आहे," मी म्हटलं.

तिने हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, इतक्या वरच्यावर सुई घातली की मी मनात म्हटलं, पोरीचा हात चांगला आहे, रफू जमेल हिला. पांढरा फुगा आला आणि थोड्या वेळात बसला. दुसऱ्या हाताचं रक्त नळ्यांत भरून घेतलं. "खाजवायचं नाही, चोळायचं नाही, दोन-तीन दिवसांनी मोजायला या," म्हणाली. त्या नळ्या तुझ्याकडे येणार असं कळलं. माझ्या पेशी तू गोठवून ठेवणार म्हणे. स्वेटर घाल त्यांना, मला थंडी सोसत नाही.

आता बातमी. हात लाल झालाय! काल सकाळी थोडासा होता, आज चांगला दिसण्याइतका. मी बाही वर दुमडून काचेशेजारी बसते, म्हणजे उजेडात बघता येतं. इस्त्रीवाला आल्या आल्या विचारतो, "काय म्हणते गाठ?" एक गिऱ्हाईक म्हणालं, "डास चावला वाटतं." मी म्हटलं, "डास नाही, आई आहे." ते कोट घेऊन घाईघाईने गेलं.

हाताकडे बघता बघता आईची खोली आठवत राहते. तुला ती खोली दारातूनच माहीत. सुट्टीत काका तुला आणायचे ते उंबऱ्यापर्यंत, आत यायची तुला बंदी होती. खाट भिंतीलगत, मधे जेमतेम फट. खिडकी सताड उघडी, थंडीतसुद्धा, हा आईचा हुकूम. मी खाटेच्या कडेला, खिडकीकडे पाठ करून बसायची आणि आई भिंतीकडे तोंड करून निजलेली. बोलायची ती भिंतीशी, उत्तर द्यायची मी. तिच्या तोंडासमोरच्या भिंतीचा रंग उडून गेला होता. केस मागून विंचरायची, गुंता मागून सोडवायची. रफूसुद्धा मी तिथेच शिकले, माहितेय? कापड तिच्या खांद्यावरून पुढे धरायची. ती न वळता बोट फिरवून सांगायची, "इथे ओढलंस. उसव." डोळ्यांनी बघायचीच नाही, बोटानेच तिला कळायचं. आज मी काम तपासते तेही डोळे मिटून, बोटाने. तिचा चेहरा आठवायला मला फोटो काढावा लागतो. मान आणि वेणी मात्र केव्हाही दिसते.

बरं, हे उगाच लिहीत बसले. उद्या मोजायला जाते.

ताई

२० फेब्रुवारी

ठोंब्यास,

जाऊन आले. मी ऐटीत हात पुढे केला. सिस्टरने तो लाल भाग बघितला आणि बघून सोडून दिला. मग डोळे दुसरीकडे करून बोट फिरवलं, हळू, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आई फिरवायची तसंच. म्हणाली, "काहीच लागत नाही."

मी म्हटलं, "अगं, एवढा लाल दिसतोय, आंधळी आहेस का?"

"मावशी, लाली मोजत नाहीत. कडकपणा मोजतात. बोटाला कडक लागलं तरच ते खरं."

"कडकपणाच मोजायचा तर हात कशाला, अख्खी मलाच मोज," मी म्हटलं. ती पोर खुदकन हसली, पण हसून झाल्यावर कागदावर शून्यच लिहिलं.

जिना उतरले आणि म्हटलं आजच लिहावं. रक्ताचं अजून यायचंय. तूच लिहिलं होतंस की कातडीची परीक्षा कधीकधी फसते, लहानपणच्या लशीनेही फसते, पण रक्ताची त्या लशीने फसत नाही. मी आता रक्ताच्या भरवशावर आहे.

ताई

१४ मार्च

अभिनंदन. रक्तही कोरं निघालं. तुझ्या कामाला हवं होतं तसं झालं.

मला रडू आलं, ते लपवत नाही. माझ्या वयाच्या मुली नटत-मुरडत होत्या तेव्हा मी त्या खाटेच्या कडेवर होते. तिची थुंकी मी उचलली, तिच्या चादरी मी उकळल्या. तिच्या गोळ्या लागू पडत नाहीत हे डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं आणि तोंड धुऊन, हसतमुखाने आत गेले तीही मीच. आणि माझ्या रक्ताला यातलं काही माहीत नाही म्हणे. मी एक वाक्य धरून एवढी वर्षं बसले, आणि रक्त माझं असं विसरभोळं निघावं?

दुकानात कोणाला काही बोलले नाही. इस्त्रीवाल्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चहा आणून ठेवला. तेच मला जास्त लागलं.

तर घे. तू दारात विचारलंस, त्याचं उत्तर आता तुझ्या संस्थेने लेखी दिलंय. काकू असेल तिथे तिलाही कळव, तिचंच बरोबर होतं.

ताई

२ एप्रिल

ठोंब्यास,

तुझं पत्र आलं. पाकीट दोन दिवस तसंच ठेवलं होतं. मग इस्त्रीवाला म्हणाला की मी उघडतो, तेव्हा उघडलं.

शास्त्राचं आधी. माझं रक्त कोरं निघण्याच्या तीन शक्यता तू लिहिल्यास. एक, छातीत पहिल्याच दारावर जे पहारेकरी असतात त्यांनी जंतूला तिथल्या तिथे गिळलं, आणि आत आठवण ठेवणारे जे असतात त्यांना उठवायची वेळच आली नाही. दुसरी, माझ्या रक्ताला आठवण आहे, पण ती वेगळ्या तऱ्हेची आहे. तुमची परीक्षा रक्ताला एकच ठरावीक प्रश्न विचारते, आणि माझं रक्त त्या प्रश्नाला गप्प बसतं. दुसऱ्या तऱ्हेने विचारलं तर कदाचित बोलेल. 'ताई, आपण चुकीचा प्रश्न विचारत असू,' असं तू लिहिलंयस. हे मला पटलं. चुकीचा प्रश्न विचारायची तुझी सवय जुनीच आहे. म्हणून तुला आणखी रक्त हवंय, आणि या वेळी न्यायला तू स्वतः येतो म्हणतोस. बघू.

तिसरी शक्यता तू सगळ्यात बारीक अक्षरात लिहिलीस. जंतू माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत. अक्षर बारीक केलं म्हणून मला दिसणार नाही असं वाटलं का? बारीक बघणं हाच माझा धंदा आहे.

आता दुसरं. तू लिहितोस, 'ताई, तो प्रश्न मी कौतुकाने विचारला होता. त्याच प्रश्नामागे लागून मी हे काम धरलं. तुला एवढं लागलं असेल हे मला कळलंच नाही.' वाचायला फार गोड आहे. इस्त्रीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याला वाफेनेही येतं. मी मात्र त्या ओळींवरून बोट फिरवलं. ठोंब्या, लाली पुष्कळ आहे रे, कडक काही लागत नाही. कौतुकाने विचारणारा माणूस मान वर करतो. तू नाडीकडे बघत होतास. आई तुझी पाठवणी करायला नव्हती, तुला निरोप द्यायला घरातली मी एकटीच होते, आणि तू माझ्याकडे बघू शकला नाहीस.

खरं काय ते लिही. मला लागेल. लागू दे. एवढी वर्षं लागतंच आहे, त्यात नवीन काही नाही. पण खोट्या कौतुकावर मी तुला घरात घेणार नाही.

काम धरलंस त्या प्रश्नामागे, हे मात्र खरं वाटलं. तेवढं बोटाला लागलं.

ताई

२५ एप्रिल

चि. ठोंब्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. हो, लिहिलं. चष्मा पुसू नकोस, तेच लिहिलंय.

या वेळी एकच पान पाठवलंस आणि त्यात लाली अजिबात नाही. तुझंच वाक्य उतरवते: 'मी दर सुट्टीत दारात उभा राहायचो आणि दर वेळी आई तुझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. एकदाही ती तुझ्याकडे तोंड करून दिसली नाही. मला वाटायचं, तुम्ही दोघी बोलत नाही. तुला तिची किळस आली असेल आणि ते तिला कळलं असेल, म्हणून ती रुसून भिंतीकडे वळली असेल. ती तशीच गेली. म्हणून विचारलं. कौतुक नव्हतं ताई, राग होता.'

वाचलं आणि मी डोक्याला हात लावला. मग हसले. मग काय काय झालं ते लिहीत नाही. इस्त्रीवाल्याने इस्त्री बंद केली, एवढं सांगते.

अरे ठोंब्या! अरे ठोंब्या, ठोंब्या! शास्त्रज्ञ ना रे तू? जन्मभर त्याच एका रोगाचा अभ्यास केलास. लोकांना सांगून सांगून तुझा घसा बसला असेल की तोंड फिरवून खोका, समोरच्याच्या तोंडावर श्वास सोडू नका, खिडक्या उघड्या ठेवा. आणि आपल्या आईने तोंड फिरवलं तर तुला वाटलं ती रुसली?

दारात उभ्या त्या पोराने जे बघितलं ते तसंच धरून ठेवलंस. पुढे एवढा शिकलास, पण ते चित्र परत काढून एकदा नीट बघितलं नाहीस. बरं, मी तरी काय वेगळं केलं, मीही नाडीच बघत बसले.

आता नीट ऐक. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं त्याच दिवशी आईने माझ्याकडून खाट फिरवून घेतली. म्हणाली, "आता मी भिंतीकडे तोंड करून निजणार. तू माझ्या पाठीशी बस, खिडकीजवळ. पुढे आलीस तर मी बोलणार नाही." एकदा मी हट्टाने गेले, खाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत घुसून. तिने चादर तोंडात कोंबली आणि डोळे मिटून घेतले. मी बाहेर निघेपर्यंत तशीच. झोपेत कधी वळली तर आपणच दचकून जागी व्हायची आणि परत फिरायची. तिला माझ्याकडे बघायचं नव्हतं असं नाही. तिने खिळ्याला आरसा लावून घेतला होता, भिंतीवर, तिच्या डोक्याच्या थोडा वर. त्यातून बघायची माझ्याकडे. दारातून तो आरसा दिसायचा नाही, तुला कसा दिसणार?

तेव्हा तुझी ती तिसरी शक्यता आता मोठ्या अक्षरात लिही. जंतू पोचले नसतीलही. मी लांब बसले म्हणून नाही. मी हात पुरेल एवढी जवळ होते, रोज तिची वेणी घालत होते. तिने पोचू दिले नसतील. माझा सपाट हात बघून मी रडले, आणि आता त्याच हाताकडे बघते तर वाटतं, हा असा राहावा म्हणूनच ती एवढा काळ भिंतीशी बोलली. अर्थात तुझे पहारेकरीही असतील, वेगळ्या तऱ्हेची आठवणही असेल. तू तपास. माझं रक्त काय ते खरं सांगेल, मला आता दोन्हीकडून चालेल.

आता तुझं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलंस ते भलतंच.

तू दारात असायचास तेव्हा ती अजिबात हलायची नाही. खोकला दाबून पडून राहायची, तुला वाटायचं झोपली. तू जिना उतरायला लागलास की ती वळायची. तेवढ्यापुरतीच वळायची, रिकाम्या दाराकडे. मला म्हणायची, "जा खिडकीत, बघ." मी खिडकीत जाऊन पाठमोरीच सांगायची आणि ती दाराकडे बघत विचारायची, "उंच झालाय का गं? बूट कुठले घातलेत?" मी सांगायची, काळे, आणि नाडी सुटलीय. दर वेळी तुझी नाडी सुटलेलीच असायची. "पडेल कुठेतरी माझं ठोंबं," म्हणायची, आणि परत भिंतीकडे फिरायची.

ती गेल्यावर तू दारात वाकून नाडी बांधायला लागलास ना, तेव्हा मला तेच ऐकू येत होतं. म्हणून तू विचारलंस तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. जिन्यावरून हाक मारेपर्यंत तू खाली पोचला होतास.

ये आता. नळ्या आण, सुया आण, हवं तेवढं रक्त ने. इस्त्रीवाल्याला तुला बघायचंय, त्याने तुझ्यासाठी प्रश्न काढून ठेवलेत, तयारीने ये. आणि तुझा तो प्रश्न मला परत विचार. त्याच शब्दांत. पण दारात नाही. आत ये, आता कोणाची बंदी नाही. बूट काढ आणि माझ्याकडे तोंड करून बस.

लोभ आहेच.

तुझी ताई